अशील नसताना लिहिणं

भाडेकरू वारला की त्याची खोली कुणाची? मुंबईत हा प्रश्न वकिलाकडे पोचण्याच्या कितीतरी आधी घरात विचारला जातो. गिरगावात, लालबागला, दादरला, जुन्या चाळींमध्ये तेराव्याची पानं उठायच्या आत तो निघतो. उत्तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७ मध्ये आहे, पंधराव्या उपकलमाच्या ‘डी’ खंडात. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे आमच्या स्मॉल कॉजेसमध्ये, त्याला सगळे ‘सेव्हन फिफ्टीन डी’ म्हणतात. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी त्याच्या कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते. अशी कुणी नसेल तर वारस. आपसात एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवेल. कुटुंब म्हणजे कोण, हे कायदा सांगत नाही. सोबत राहणारे दोघं-तिघं असतील तर त्यांतून कोर्टाने कोणत्या निकषावर निवड करायची, तेही सांगत नाही.

या तरतुदीखालचे दावे मी बरीच वर्षं चालवते आहे. कधी भाडेकरूच्या विधवेसाठी, कधी मालकासाठी, कधी भावाविरुद्ध उभ्या राहिलेल्या बहिणीसाठी. त्यावर वर्तमानपत्री लेख लिहून झाले होते. पण या कलमाला सलग, सविस्तर मांडणीची गरज आहे आणि ती कायद्याच्या संशोधन-नियतकालिकातच होऊ शकते, असं वाटत राहिलं. ज्यांच्या चेंबरमध्ये मी काम शिकले त्या सरांना हे सांगितलं.

‘‘लिही,’’ ते म्हणाले. ‘‘पण एक बघ. तिथे समोर वकील नसतो गं.’’

‘‘म्हणजे काय, सर?’’

‘‘म्हणजे दोन्ही बाजू तुलाच चालवायच्या आहेत.’’

संपूर्ण लेख तयार करताना, पाठवताना आणि नंतर दुरुस्त करताना मला याहून उपयोगाचं वाक्य कुणी सांगितलं नाही. कोर्टात लेखी युक्तिवाद देताना मी एकाच बाजूने लिहिते आणि त्यात गैर काही नाही. न्यायाधीशांची दिशाभूल करायची नाही, आपल्या विरोधात जाणारा निवाडा माहीत असेल तर दडवायचा नाही, हे बंधन असतंच. पण मालकाचं दुखणं मांडायला मालकाचा वकील तिथे बसलेला असतो. तो उठून बोलणार, माझ्या साक्षीदाराला आडवे प्रश्न विचारणार, हे धरूनच मी माझी बाजू रेटते. लेख वाचणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. लातूरच्या विधी महाविद्यालयातली विद्यार्थिनी, दुसऱ्या राज्यातला वकील, काही वर्षांनी निकाल लिहिताना संदर्भ शोधणारा एखादा न्यायाधीश, यांच्यापैकी कुणी माझी उलटतपासणी घेऊ शकत नाही. ती मीच घ्यायला हवी, आणि कागदावर दिसेल अशी.

म्हणून सुरुवात मालकाच्या बाजूने केली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. कायदा तात्पुरता होता आणि मुदत संपत आली की पुन्हा वाढवला जायचा. भाडं जवळपास तिथेच राहिलं, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ ला स्पष्ट सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणार होती, नवा कायदा विचाराधीन होता, म्हणून त्या तरतुदी रद्द केल्या नाहीत, एवढंच. नव्या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण ती जुन्या आकड्यावर. शिवाय ‘सेव्हन फिफ्टीन डी’खालचं स्पष्टीकरण म्हणतं की हा हक्क मूळ भाडेकरूच्या मृत्यूपुरता मर्यादित नाही, त्याच्यानंतर भाडेकरू झालेल्याच्या मृत्यूनंतरही तोच नियम. मालकाच्या नातवाच्या जागी बसून हे वाचलं की त्याचा राग समजतो. माझ्या लेखाचा निष्कर्ष त्याच्या सोयीचा नाही, तरीही त्याचं म्हणणं मी त्याच्या सर्वांत चांगल्या वकिलाने मांडावं तसं मांडलं. ते कमजोर करून मांडलं असतं तर माझा निष्कर्षही कमजोर पायावर उभा राहिला असता.

मग भाडेकरू. त्याची बाजू मांडताना वेगळीच अडचण आली, आणि या सगळ्या कामातला सर्वांत शिकवणारा भाग तोच ठरला. चाळीतल्या खोलीचा भाडेकरू फुकट शिरलेला नसतो. त्याच्या आजोबांनी किंवा वडिलांनी पागडी, म्हणजे भाड्याखेरीज एकरकमी पैसे, मोजलेली असते. हे मुंबईत सगळ्यांना माहीत आहे. पण सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीची तळटीप कशी द्यायची? पागडीची पावती नसते, कारण १९४७ च्या कायद्याच्या कलम १८ आणि १९ खाली ती घेणं गुन्हा होता. जो व्यवहार कायद्यालाच चुकवून होत होता त्याचा कागद कोण ठेवणार? अर्जदावा लिहिताना हा प्रश्न येत नाही, तिथे अशिलाचं प्रतिज्ञापत्र असतं. लेखात माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं वाचणाऱ्याला काहीच कारण नसतं.

उत्तर कायद्याच्याच मजकुरात सापडलं. ज्या विधिमंडळाने १९४७ मध्ये पागडीला शिक्षा ठेवली, त्याला ती प्रथा रुजलेली आहे हे माहीत होतं. आणि १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने भाडेकरूला खोली सोडताना किंवा दुसऱ्याच्या नावे करताना मोबदला घेण्याची, मालकालाही भाडेपट्टा देताना रक्कम घेण्याची मुभा दिली. एकाच व्यवहाराला आधी बंदी आणि मग मान्यता, हा खुद्द कायद्याने दिलेला पुरावा आहे. त्यातून अमुक कुटुंबाने अमुक रक्कम दिली हे सिद्ध होत नाही. प्रथा होती, इतकंच होतं. मी लेखात तेवढंच म्हटलं. माहीत असणं आणि दाखवता येणं यांतलं अंतर मी त्या परिच्छेदात नीट मोजलं, आणि तेव्हापासून कोर्टातही माझी वाक्यं बदलली आहेत.

खरा मजकूर मात्र कुठे आहे? कायद्याची पुस्तकं उच्च न्यायालयाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे छापतात. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून, नागपूरचं ऑल इंडिया रिपोर्टर १९१४ पासून. पण खोलीच्या वारशाचे बहुतेक तंटे तिथपर्यंत पोचत नाहीत. भाडेकरू म्हणून घोषित करून मागणारा आर. ए. डी. दावा लघुवाद न्यायालयात लागतो, अपील त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे जातं, आणि बरीच कुटुंबं तिथे थांबतात. पैसा संपतो, नाहीतर तडजोड होते. म्हणजे आजारी वडिलांची शुश्रूषा करायला माहेरी परत आलेली मुलगी ‘सोबत राहणारी’ ठरते का. नोकरीसाठी रत्नागिरीहून आलेला आणि काकांकडेच मोठा झालेला पुतण्या कुटुंबात मोडतो का. शेवटचे महिने भाडेकरू गावी गेला आणि तिथेच वारला तर मुंबईच्या खोलीत मागे राहिलेला मुलगा त्याच्या ‘सोबत’ होता का, या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही छापील खंडात न येणाऱ्या निकालांत पडून आहेत. शिधापत्रिका, मतदारयादी, गॅस-जोडणीचा कागद, बेस्टचं वीजबिल, शाळा सोडल्याचा दाखला, शेजारच्या खोलीतल्या मावशींची साक्ष, हे सगळं एकापुढे एक ठेवून ट्रायल कोर्टाचा न्यायाधीश दर वेळी कुटुंबाची व्याख्या नव्याने करत असतो. मुंबईच्या कौटुंबिक जीवनाची इतकी बारकाईने केलेली नोंद दुसरीकडे क्वचित असेल. ती संशोधनात यायला हवी, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती आणि नाही.

पण ती आणायची कशी? उच्च न्यायालयाच्या निकालांना २०२३ पासून न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टाने स्वतः दिलेला संदर्भ क्रमांक, मिळू लागलं आहे. वर्ष, मग बीएचसी (बॉम्बे हायकोर्ट), मग मूळ शाखा की अपील शाखा की नागपूर की गोवा, मग क्रमांक. त्यावरून कुणीही निकाल शोधू शकतो. खालच्या कोर्टाच्या निकालाला दाव्याचा क्रमांक, वर्ष, तारीख आणि ई-कोर्ट्सवरचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक एवढंच असतं. जुन्या निकालांसाठी प्रमाणित नकलेचा अर्ज करायचा, रांगेत उभं राहायचं. ते मी केलं, माझ्या ज्युनिअरनेही केलं.

दोन बंधनं मी स्वतःवर घालून घेतली. पहिलं कायद्याचंच आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं उघड करता येत नाही. पूर्वी पुरावा अधिनियमाचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ आहे. म्हणून ज्या प्रकरणांत मी उभी होते ती सगळी बाजूला ठेवली, मग ती कितीही बोलकी असोत. त्यांतलं एक प्रकरण तर लेखाच्या मध्यावर चपखल बसलं असतं. ठेवलं नाही. संपादकांना दिलेल्या हितसंबंधांच्या निवेदनात मी या प्रकारचे दावे दोन्ही बाजूंनी चालवते, हेही लिहिलं. दुसरं बंधन माझ्या मनाचं. निकाल सार्वजनिक असतात, पक्षकारांची नावं त्यात असतात, ती छापायला कायद्याने आडकाठी नाही. पण अशा खटल्यात सून सासऱ्याला जेवायला देत होती की नाही इथपर्यंत साक्ष गेलेली असते. ती माणसं अजून त्याच गॅलरीतून रोज जातात-येतात. तळटिपांत मी फक्त क्रमांक आणि वर्षं दिली, आणि पद्धतीविषयीच्या परिच्छेदात त्याचं कारण दिलं. ज्याला पडताळायचं आहे तो क्रमांकावरून जाऊ शकतो. सहज चाळणाऱ्याला नावं कळण्याची गरज नाही.

तळटिपांच्या शैलीबद्दल वकील मंडळी कंटाळून बोलतात. मला तो कंटाळा मान्य नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड, येल, कोलंबिया आणि पेनसिल्व्हेनियाच्या लॉ रिव्ह्यूंनी मिळून चालवलेलं ब्लूबुक हे संदर्भ-नियमांचं पुस्तक १९२६ पासून आहे, ऑक्सफर्डची ऑस्कोला पद्धत आहे, दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचे स्वतःचे नियम आहेत. केशवानंद भारती खटल्याचा (१९७३) ४ एससीसी २२५ हा संदर्भ ब्लूबुकमध्ये द्यायचा तर पक्षकारांच्या नावांनंतर स्वल्पविराम येतो, ऑस्कोलात येत नाही. ‘विरुद्ध’च्या इंग्रजी आद्याक्षरापुढचा टिंबही ऑस्कोला काढून टाकते. माझ्या ज्युनिअरने विचारलं, ‘‘मॅडम, टिंबाने काय फरक पडतो?’’ टिंबाने पडत नाही. पण प्रत्येक टिंब तपासायला बसलं की प्रत्येक संदर्भ पुन्हा उघडावा लागतो, आणि पान क्रमांक बरोबर आहे का, ते वाक्य खरंच त्या परिच्छेदात आहे का, हे आपोआप पाहिलं जातं. आपल्याच कायद्याचं घ्या. नावात १९९९ आहे, पण राष्ट्रपतींची संमती २००० च्या मार्चमध्ये मिळाल्याने तो महाराष्ट्र अधिनियम क्रमांक १८, सन २००० असा नोंदला गेला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. रोज कोर्टात ज्याचं नाव घेतो त्याचा क्रमांक आणि वर्ष तळटिपेमुळे एकदा पूर्ण लिहावं लागतं.

१९४७ चा कायदा कोणत्या काळजीतून आला हे पाहायला मी टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाऊन बसले. गॅझेटचे जाडजूड खंड, विधेयकासोबतचं उद्देश आणि कारणांचं निवेदन. टाउन हॉलच्या पायऱ्या चढताना फोर्टमधलं कोर्ट, विद्यापीठ आणि ग्रंथालयं इतकी एकमेकांच्या जवळ असूनही वकील आणि अभ्यासक एकमेकांना किती क्वचित भेटतात, याचं वाईट वाटलं. उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर यांच्यामध्ये चालत जायला फार तर दोन-तीन मिनिटं लागतात.

कुठे पाठवायचं, यावर थोडंच सांगते. अमेरिकेत लॉ रिव्ह्यू विद्यार्थी-संपादक चालवतात आणि लेख एकाच वेळी अनेकांकडे पाठवण्याची रीत आहे. आपल्याकडे बहुतेक नियतकालिकं तसं चालवून घेत नाहीत. एकाकडून उत्तर आल्यावरच दुसरीकडे. आणि पैसे भरा, दोन दिवसांत छापतो, असे निरोप मोबाइलवर येतात त्यांच्यापासून तरुण वकिलांनी आणि प्राध्यापकांनी लांब राहावं, असं मी कळकळीने सांगते. आयएसएसएन हा नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी आता बंद केली आहे, त्यामुळे पारख आपल्यालाच करायची आहे. मागचे अंक काढून वाचा. आपल्या विषयावर तिथे वाद झालेला आहे का, लेखक एकमेकांना उत्तरं देतात का, ते पाहा. इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचं जर्नल १९५८ पासून निघतंय. त्याचे जुने अंक वाचले की चांगला लेख कसा दिसतो हे समजतं.

पाठवण्याआधीची तयारी. सारांश दोनशे शब्दांत. त्यात ‘या लेखात चर्चा केली आहे’ असलं वाक्य नको, निष्कर्षच हवा. माझा निष्कर्ष असा: कोर्टाने निवड करताना कोण जवळचा नातेवाईक हे आधी पाहू नये, भाडेकरूला शेवटच्या काळात कुणी सांभाळलं आणि कुणाला दुसरं छप्पर नाही, हे आधी पाहावं. लेख लिहून झाल्यावर तो दोन ओळींत मांडता येईना तेव्हा मी सारांश सोडून लेखाकडेच परत गेले, आणि तिसरा भाग दुसऱ्याच्या आधी आणला. मग सारांश एका बैठकीत झाला. नंतर नाव काढणं. परीक्षकाला लेखक कळू नये आणि लेखकाला परीक्षक, अशी दुहेरी अनामिक पद्धत असते. त्यासाठी पहिल्या पानावरचं नाव काढून भागत नाही. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत नाव असतं, दुरुस्त्यांच्या खुणांत असतं, ‘माझ्या आधीच्या लेखात’ या शब्दांत असतं. मी ‘आमच्या कोर्टात’ असं जिथे जिथे लिहिलं होतं तिथे न्यायालयाचं नाव घातलं. लेखात कुणाचा अधिकार बोलू नये, फक्त मांडणी बोलावी, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. कोर्टात कोण उभं आहे याला वजन असतं. इथे धोबीतलावच्या वकिलाचा आणि नामवंत प्राध्यापकाचा कागद सारखाच.

दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याने इतर राज्यांकडे पाहायला सांगितलं, ते बरोबर होतं. दिल्लीच्या १९५८ च्या कायद्यात मुदत संपूनही ताब्यात राहिलेल्या भाडेकरूच्या मागे कोण, याची क्रमवार यादीच आहे: जोडीदार, मुलगा-मुलगी, आईवडील, आधी वारलेल्या मुलाची विधवा. जो मृताच्या कमाईवर अवलंबून नव्हता त्याला फक्त एक वर्ष. ती यादी शेजारी ठेवली आणि मुंबईच्या कायद्याचं मोकळेपण अधिक स्वच्छ दिसलं. दिल्लीच्या यादीत पुतण्या बसत नाही. मुंबईत निदान त्याचं ऐकून घेतलं जातं.

दुसऱ्या परीक्षकाचं म्हणणं होतं की लघुवाद न्यायालयाचे निकाल काढून टाकावेत. ते कुणावर बंधनकारक नाहीत, त्यांतून कायदा सिद्ध होत नाही. हे मी मान्य केलं नाही. परीक्षकांच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देण्याचा तक्ता असतो, त्यात सविस्तर लिहिलं: हे निकाल मी बंधनकारक म्हणून देत नाही, कायद्याने उघडा ठेवलेला प्रश्न प्रत्यक्षात कसा सुटतो याचा पुरावा म्हणून देते, आणि तो पुरावा दुसरीकडे नाही. त्याच परीक्षकाने आणखी एक गोष्ट दाखवली होती. हे निकाल मिळतील तसे गोळा झालेले असल्यामुळे त्यांवरून ‘कोर्ट बहुतेक वेळा असं करतं’ म्हणता येत नाही. ते पूर्ण खरं होतं. ‘बहुतेक वेळा’ जिथे जिथे होतं तिथून काढलं, ‘या निकालांत असं दिसतं’ एवढं ठेवलं. लेख त्याने अधिक टणक झाला. त्या अनोळखी माणसाने माझा युक्तिवाद पटत नसतानाही ओळ न ओळ वाचला, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. समोरच्या वकिलाची जागा अखेर त्यानेच घेतली.

संपादकांनी निकाल ठेवायला परवानगी दिली, लेख स्वीकारला. आता मुद्रिताची तपासणी चालू आहे. काल तळटिपांतल्या तारखांविषयी शंका आल्या, त्यांची उत्तरं ज्युनिअर नकलांवरून काढते आहे. त्याच उपकलमाचा दुसरा अर्धा भाग दुकानांचा आणि गोदामांचा आहे, तिथे ‘सोबत राहणारा’च्या जागी मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत जागा धंद्यासाठी ‘वापरणारा’ आहे. बापाच्या गल्ल्यावर संध्याकाळपुरता बसणारा मुलगा त्यात येतो की दिवसभर काउंटर सांभाळणारी सून, हे पाहायचं आहे. नकलांचे अर्ज टाकले आहेत, आणि या वेळी पहिला मसुदा ज्युनिअर लिहिणार आहे.